पोळ्याच्या दिवसाची मोजणी

त्या दिवशी आभाळ दाटून आलं होतं आणि वारा अगदी पडलेला. रेल्वेच्या साहेबांनी स्टेशनावर गाव जमवून सांगितलं, "ही गाडी बंद होणार. आम्ही माणसं मोजली. दिवसभरात एकही चढलं नाही."

सारे हबकले. याच गाडीने सोनबाजी दर आठवड्याला बायकोला तालुक्याच्या दवाखान्यात नेत असे.

त्याने हळूच विचारलं, "कोणत्या दिवशी मोजली, साहेब?"

साहेबांनी कागद पाहून तारीख सांगितली.

"तो तर पोळा! त्या दिवशी बैलांची पूजा सोडून आमच्यातलं कोणीच गावाबाहेर जात नाही. रविवारी तुमच्या हापिसातली माणसं मोजली, तर हापिसही बंद करायचं काय?"

साहेबांनी तिथल्या तिथे फेरमोजणीचा हुकूम लिहून दिला.

शेजारचा डोमाजी म्हणाला, "सोनबाभाऊ, पुढच्या पोळ्याला बैलांसकट गाडीत बसू!"