ठकूबाईचं तेरा दिवसांचं ताक

शके अठराशे तेहतीस, कार्तिक वद्य तृतीया. भात झोडून झालं होतं, वारा साफ पडला होता, आणि घाटाखालच्या भेंडवाडीत माणसाला नाक मोकळं ठेवता येत नव्हतं.

फार जुनी गोष्ट आहे. घाटात तेव्हा रस्ता फोडत होते. तिथल्या छावणीला कोंबड्या पुरवायचं काम रायाजी शिंदवणकर करायचा. त्याच्या खुराड्यात तीनशे कोंबड्या होत्या. त्या जड व्हाव्यात म्हणून त्याने किनाऱ्यावरून सुकटीची पोती आणली आणि सकाळ-संध्याकाळ सुकटच चारली. अंगावर चरबी चढेल, असा त्याचा हिशेब. चढली नाही. विष्ठा पातळ झाली, खाली ओल धरली, आणि तिचा दर्प डोळ्यांत झोंबू लागला. असं म्हणतात, वडावरचे कावळे पिलं घेऊन पलीकडच्या गावी गेले. एका मुलीला बघायला आलेले पाहुणे वेशीवरूनच फिरले.

त्या तृतीयेला गावचा प्रमुख, गावकर बुधाजी, नाकाला उपरणं बांधून रायाजीच्या दारात आला.

"रायाजी, अमावास्येला सकाळी आम्ही पेटती चूड घेऊन येऊ. वास राहिला तर खुराडं राहणार नाही."

"दादा, धूप जाळला, चुना टाकला."

"मग आता गाव सोडून बघ."

रायाजी दिवसभर खुराड्याभोवती फेऱ्या घालत राहिला. बसला की उठायचा. एक भाकरी त्याने तीनदा हातात घेतली.

गुरांच्या पोटाला औषध देणारी ठकूबाई गावाच्या टोकाला राहायची. कोणाशी फार बोलणारी नव्हती. तिच्या कानावर चुडीची गोष्ट गेली आणि तीही घरात ठरेना. प्लेगच्या साली तिला रानातल्या झोपडीत टाकलं होतं. तिथे तेरा दिवस एकच माणूस रोज दगडावर ताकाचं गाडगं ठेवून, पाठ फिरवून, न बोलता जायचा. तो रायाजी होता. गाव तिचं तेरावं घालायला बसलं, त्याच दिवशी ती चालत परत आली. नऊ वर्षं ते ताक तिच्या डोक्यावर होतं.

त्याच संध्याकाळी ती ताकाचं गाडगं घेऊन खुराड्यात शिरली. काडीने विष्ठा फोडली, वास घेतला. रायाजीने शरमेने तोंड फिरवलं.

"मावशी, नाक तरी झाक."

"नाक झाकून रोग कळत नाही. सुकट किती घालतोस?"

"पोटभर."

"पोटभर नाही, पोटाबाहेर. जे पचतं ते अंगी लागतं. जे पचत नाही ते खाली पडून कुजतं. तू खुराडं धूत बसलास. धुवायचं होतं त्यांचं पोट."

तिने सुकटीची पोती बाहेर काढली. मूठभर सुकट ठेवली, बाकी नाचणी आणि तांदळाची कणी. त्यात लसूण ठेचून घातली. दाणा ताकात भिजवला, आणि मग रोज एक गाडगं ताक आणत राहिली. ओला थर उपसून कोरडा भाताचा तूस पसरला.

चार दिवस झाले. वास तसाच. रायाजी पोत्यांकडे बघायला लागला.

"छावणीवाले म्हणतील, कोंबड्या वाळल्या. थोडी घालू का?"

"घाल. अमावास्येला भाजलेल्या दे त्यांना."

त्याने हात मागे घेतला.

ठकूबाईची गाय गाभण होती, आटत आली होती. शेजारीण म्हणाली, "आमच्याकडचं ताक ने." ठकूबाई म्हणाली, "उसन्या ताकाने माझं फिटणार नाही." असं म्हणतात, त्या गायीने तेराही दिवस दूध दिलं. नवव्या दिवशी विष्ठा घट्ट पडली. अकराव्या दिवशी एक कावळा वडावर येऊन बसला. रायाजीला मात्र काही कळत नव्हतं. त्याचं नाक कधीच मेलं होतं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याची तोंडं वाचत राहिला.

अमावास्येला उजाडताच बुधाजी चूड घेऊन आला, मागे सगळं गाव. त्याने उपरणं सोडलं. पुन्हा बांधलं. पुन्हा सोडलं.

"कोंबड्या कुठे हलवल्यास?"

रायाजीने दार उघडलं. तीनशे कोंबड्या आत उकरत होत्या. बुधाजीने चूड मातीत खुपसली आणि घरी गेला.

ठकूबाईने तेरावं गाडगं कोंबड्यांपुढे ओतलं.

भेंडवाडीत आजही कार्तिकी अमावास्येला प्रत्येक खुराड्यात ठकूबाईच्या नावाने ताकात भिजवलेला दाणा पडतो. नवी कोंबडी आणली तर तेरा दिवस तिला सुकट दाखवत नाहीत. दाणा घालणारा शेवटी रिकामं गाडगं उंबऱ्यावर पालथं घालतो आणि मागे न बघता निघून जातो. कारण त्या सकाळी ठकूबाईने तसंच केलं होतं. रायाजी काहीतरी म्हणायला पुढे आला. तिने गाडगं पालथं घातलं, पाठ फिरवली आणि न बोलता गेली.

फिटलं.