देशमुखांचे जोडे

नदीकाठची सगळी काळीभोर जमीन रंगराव देशमुखांची, तरी त्यांचा डोळा येसाईच्या डोंगरउतारावरच्या तांबड्या शेतावर होता. भांडण सुभेदारांपुढे गेलं. कागद कोणाकडेच नव्हता. सुभेदार म्हणाले, "देशमुखांनी त्या शेतात उभं राहून भैरोबाची शपथ घेतली, तर शेत त्यांचं."

शपथेच्या दिवशी शेतात येसाईला कोडं पडलं. देशमुख देवाला भिणारा माणूस. मग आज इतका निवांत कसा? ते आले तेही जोडे घालून, जपून पावलं टाकत.

"शपथेला अनवाणी उभं राहतात," कोणीतरी पुटपुटलं.

"पायात काटा मोडलाय!" देशमुख गुरकावले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "माझ्या पायाखालची माती माझीच आहे. खोटं असेल तर भैरोबा माझं वाटोळं करो!"

येसाईची नजर जोड्यांवरच खिळली होती. काठाशी काहीतरी काळं दिसत होतं. सुभेदार निकाल द्यायला तोंड उघडणार, तोच ती पाण्याची घागर घेऊन पुढे झाली.

"दारी आलेल्याच्या पायांवर पाणी घालायची आमची रीत आहे, सरकार," म्हणत तिने घागर देशमुखांच्या जोड्यांवर रिकामी केली.

शेतात सांडलेलं पाणी तांबड्या मुरमात तेव्हाच जिरलं. जोड्यांतून मात्र काळाकुट्ट चिखल वर आला, असा चिकट की देशमुखांना पाय काढता येईना.

येसाईने पदर सावरला.

"शपथ अगदी खरी आहे, सरकार. पायाखालची माती त्यांचीच आहे. तेवढी त्यांना घेऊन जाऊ द्या."