आजची फक्की

"आज फक्की मारणार का, उस्ताद?"

दिगूनं दुसऱ्यांदा विचारलं.

हमीद उस्ताद पाइपनं मैदानावर पाणी मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्या मॅच आहे. रेषा तर लागणारच."

"तेच सांगायला आलोय. मारू नका."

उस्तादांनी नळ बंद केला. अर्धं मैदान ओलं झालं होतं, अर्धं अजून कोरडंच होतं.

एकतीस वर्षांपूर्वी याच उस्तादांनी नवज्योत मंडळाच्या बास्केटबॉलच्या पोरांना घेऊन स्पर्धेची ढाल जिंकून आणली होती. तशी ढाल पुन्हा गावात आली नाही. आता ते मैदानाकडेच्या खोलीत राहत. मुरूम चाळत, रोलर फिरवत आणि मॅचच्या आदल्या संध्याकाळी पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारत.

मंडळात कोचला तोंडावर कोणी 'जा' म्हणत नसे. आदल्या संध्याकाळी रेषा पडल्या नाहीत, की कोचनं काय ते समजायचं, शिट्टी खुंटीला अडकवायची आणि निघायचं. पाच वर्षांत चार कोच असे गेले. चारही वेळा लोक येऊन सांगून गेले, आणि उस्तादांनी फक्कीचा डबा उचलला नाही.

आज लोकांनी दिगूला पाठवलं होतं. दिगंबर शेवाळे, पाठीराख्यांचा पुढारी. बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. त्याच्या कोल्हापुरी वहाणेच्या टाचेला लोखंडी नाल ठोकलेला होता, त्यामुळे तो यायच्या आधी त्याचा आवाज येई. पोरपणी तो उस्तादांच्या हाताखाली तीन वर्षं राखीव बाकावर बसला होता. मॅच कधी मिळाली नाही. पण खेळ आपल्यालाच कळतो, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

भिंतीपलीकडून कोणीतरी ओरडलं, "दिगूशेठ, म्हातारा ऐकतोय का?"

"थांबा रे!" दिगूनं हात केला. मग आवाज खाली आणला. "सात मॅच झाल्या, उस्ताद. सातही हरलो. दसऱ्याला या वाघचौरे कोचला आम्ही ताशा लावून आणला. खांद्यावर घेऊन नाचलो. मागितलं काय? यंदाची ढाल. बस."

"तो काय म्हणाला होता?"

"दोन वर्षं द्या म्हणाला."

"मग?"

"दोन वर्षं! माझा बाप ढालीची वाट बघत गेला, उस्ताद. शेवटच्या दिवशीसुद्धा विचारत होता, काल काय झालं रे मॅचचं..."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना दिगूचा बाप आठवत होता.

"मोघे सरांच्या वेळी तुम्ही एका शब्दात ऐकलंत," दिगू म्हणाला.

"ऐकलं..."

मोघे सर म्हणजे मागचे कोच. कोरं मैदान पाहून घरी गेले आणि अंथरुणाला खिळले. चैत्रात गेले.

"त्यांच्या मयताला आला होतास?"

"दुकानात गिऱ्हाईक होतं."

"आम्ही चौघं होतो. खांदा बदलायला पाचवा नव्हता."

दिगूनं मान फिरवली. पण तो मागे हटायला आला नव्हता.

"बरं, ते सोडा. सोपानचं काय? एकोणीस वर्षांचं पोरगं. रिंगखाली उडी मारून खाली आलं आणि गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, आता खेळणं विसरा. तो खाली तडफडत होता, उस्ताद, आणि हा कोच काय करत होता? टॉवेल अंथरत होता! जमिनीवर! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टॉवेल नीट अंथरला आणि त्यावर गुडघे टेकले. स्वतःची पँट मळू नये म्हणून! असल्या माणसाला ठेवायचं?"

उस्तादांनी हातातला पाइप खाली टाकला.

"ये," ते म्हणाले. "वहाणा काढ. कोरड्या बाजूनं ये."

दिगूनं वहाणा कडेला काढल्या आणि तो त्यांच्या मागे गेला. पलीकडच्या रिंगखाली एक घमेलं पालथं पडलं होतं. दहा दिवस ते तिथंच होतं. पोरं सराव दुसऱ्या रिंगखाली करत.

"उचल."

दिगूनं घमेलं उचललं.

खाली वाळून दगड झालेल्या मुरमात टाचेचा एक ठसा होता. बोटभर खोल. त्यात नालाचा अर्धा चंद्र, आणि चंद्रात तीन खिळे. त्यातला मधला खिळा वाकडा...

दिगूला आपल्या वहाणेकडे वळून बघावं लागलं नाही.

सहावी मॅच हरून संघ परत आला, त्या संध्याकाळी मैदान नुकतंच भिजवून रोलर फिरवलेलं होतं. कोच इथं पोरांशी बोलत उभा होता. लोक त्याला घेरायला धावले. सगळ्यांच्या पुढे दिगू होता. वहाणा काढायचं भान कोणाला होतं?

दुसऱ्या दिवशी सातवी मॅच झाली. सोपान उडी मारून इथंच उतरला आणि पडला.

"तुम्ही बुजवला का नाही, उस्ताद?" दिगूनं विचारलं.

"पहाटे हातानं चाचपत तुमच्या वहाणांचे चाळीस ठसे बुजवले. हा एक सुटला. डोळ्यांना दिसत नाही आता... त्या पोराचा गुडघा माझ्याही पदरी आहे, बेटा."

"मग टॉवेल..."

"सोपानला उचलायला तो वाकला, तेव्हा त्याला हे दिसलं. त्यानं मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. दोनशे माणसं होती. काहींच्या हातात दगड होते. मग त्यानं टॉवेल अंथरला."

"म्हणजे त्यांनी ओळखलं?"

"तुझा नाल कोण ओळखत नाही?"

"मग ते बोलले का नाहीत? मी त्यांना आईवरून शिव्या दिल्या, उस्ताद. तिथंच उभा राहून. तरी..."

"मी विचारलं त्याला. म्हणाला, माझ्यावर ओरडून हे लोक घरी जातील. दिगूच्या अंगावर गेले तर घरी जाणार नाहीत."

दिगू खाली बसला. ठशावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"बुजवू?" त्यानं विचारलं.

"बुजव."

दिगूनं ओंजळीनं पाणी आणून ठसा भिजवला. बोटांनी उकरला. चाळलेला मुरूम भरला आणि मुठीनं ठोकत राहिला. जमीन सपाट झाली तरी तो ठोकतच राहिला. शेवटी उस्तादांनी त्याची मूठ धरली.

"सोपानचा गुडघा नाही भरायचा यानं," दिगू म्हणाला.

"नाही."

भिंतीपलीकडे आता वीसेक माणसं जमली होती. कोणी शिट्टी मारली. कोणी हसलं. "काय दिगूशेठ, म्हाताऱ्याच्या पाया पडताय का?"

उस्ताद खोलीत गेले आणि फक्कीचा डबा घेऊन आले. तो त्यांनी दिगूच्या हातात दिला.

"माझी रेषा आता वाकडी जाते."

दिगूनं डब्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. भिंतीवरची सगळी डोकी त्या डब्याकडेच बघत होती.

"हे लोक मला सोडणार नाहीत, उस्ताद."

"नाही सोडणार."

दिगू उठला. मैदानात उभं राहून त्यानं डबा तिरका केला. डबा जास्तच कलला आणि फक्की त्याच्याच पायांवर सांडली.

उस्तादांनी त्याचा दंड धरला आणि हळूच त्याला कडेच्या पलीकडे नेऊन उभं केलं.

"आत नाही, बेटा. रेषा बाहेर उभं राहून मारायची."