एका फेरीत वाढलेलं पान

“पण सात थर हवेतच कशाला, महाराज? एकात काम भागत असताना?”

हेरंब खानविलकर हे तिसऱ्यांदा विचारत होता. मठाच्या पडवीत पंगत बसायची वेळ झाली होती. विश्रामपुरी महाराज पाटावर येऊन बसले होते. त्यांची दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली होती.

“कसले थर? नीट सांग.”

“संगणक एकमेकांशी बोलतात ना, त्याचे. तळाला तार, सगळ्यात वर माणसाचा मजकूर. मधला प्रत्येक थर आपलं तेवढंच काम करतो आणि पुढच्याकडे सोपवतो. काय सोपवायचं, कसं सोपवायचं, हे जगानं ठरवून ठेवलंय. सगळे निमूट पाळतात.”

“आणि तू?”

“मी थर मोडले. एकच केला. धरणावरचा निरोप चौपट वेगानं जातो, महाराज!”

“छान. मग इथं कशाला आलास?”

आता ताकाला जाऊन भांडं लपवायची सोय राहिली नाही.

“गेल्या श्रावणात धरणाचे दरवाजे उघडले. माझा निरोप खालच्या सतरा गावांत पोचला. पण तिथली यंत्रं दुसऱ्यांनी बसवलेली, जगाच्या रीतीनं चालणारी. त्यांना तो कळलाच नाही. भोंगे वाजले नाहीत. नदीवर धुणं धुवायला गेलेल्या चार बायका झाडाला धरून राहिल्या, म्हणून वाचल्या…”



“उद्या रीत बदलायच्या कागदावर सही करायची आहे. आमचे साहेब म्हणतात, तुझी रीत मोड, चारचौघांची घे. मी म्हणतो, सतरा गावांनी माझी यंत्रं घ्यावीत. तीन वर्षं घातलीत मी त्यात! निरोप तर वेळेवर पोचला होता. मग चूक कोणाची? महाराज, मला खरंच कळेनासं झालंय.”

हे मात्र तो मनापासून बोलला. हुशार माणूस गोंधळला की जास्तच तावातावानं बोलतो, तसं त्याचं कालपासून चाललं होतं. झोप नव्हती, भूक नव्हती. साहेबांचं पटत नव्हतं आणि स्वतःचंही पुरतं पटत नव्हतं.



पानं मांडली गेली. सात वाढपी ओळीनं निघाले. मीठवाला पानाच्या वरच्या बाजूला मधोमध चिमूट ठेवून पुढं सरकला. त्याच्यामागून चटणी डावीकडे, कोशिंबीर तिच्याखाली, भाजी उजवीकडे, पाण्याचं भांडं डाव्या हाताशी. कोणी कोणाला विचारत नव्हतं. पान कोणाचं आहे, हेही कोणी बघत नव्हतं.

हेरंबला राहवलं नाही.

“एका पानापाठी सात माणसं! मी एकटा एका फेरीत वाढून दाखवीन.”

“दाखव की. माझंच पान वाढ.”

वाढप्यांनी महाराजांचं पान सोडलं. हेरंबनं एका परातीत सगळं घेतलं आणि डोकं चालवलं. भाजी सगळ्यात जास्त लागते, ती पुढ्यात मधोमध. भाकरीला ठेचा सारखा लागतो, तो उजव्या हाताशी. भात, कोशिंबीर पलीकडे. पाण्याचं भांडंही उजवीकडेच, म्हणजे सगळं एका हाताच्या टप्प्यात. काम चुटकीसरशी झालं आणि पान देखणं दिसत होतं. आपलंच घोडं पुढं दामटणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो कुठं?

“झालं, महाराज. करा सुरुवात.”

महाराजांनी भाकरीचा तुकडा मोडला. हात सवयीनं उजवीकडे गेला. चांगला भरघोस घास घेतला आणि तोंडात घातला.

“महाराज, तो ठेचा—”

घास गिळून झाला होता.

पंगत थांबली. महाराजांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कपाळ घामानं डबडबलं.

“भाजी मधोमध आहे, महाराज! मांडणी… मांडणी चांगलीच आहे. तुम्हाला ठाऊक नव्हती, एवढंच. आधी सांगितलं असतं तर…”

बोलता बोलता तो अडखळला. हेच वाक्य आपण आणखी कुठं तरी बोललो आहोत, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःची शरम वाटली, रागही आला. आणि तरीही, ज्यासाठी आला होता तो प्रश्न त्याच्या तोंडून निसटलाच.

“महाराज… मग उद्या सही करू की नको?”

महाराजांचा डावा हात पानाच्या डाव्या बाजूला गेला. तिथली सारवलेली जमीन चाचपू लागला. एकदा. दोनदा. जरा पुढं, जरा मागं.

“ते राहू दे, बाळ,” महाराज म्हणाले. “पाणी कुठंय, ते आधी सांग.”