हमालाला रजा कसली?

काय म्हणावं या साहेब लोकांना! मुरुडचा याकूत सिद्दी गोऱ्यांच्या पलटणीत दोन लढाया लढला, तरी कागदावर हमालच. "आम्हाला शिपाई लिहा," म्हणून त्याने छावणीतल्या सगळ्या सिद्दींच्या वतीने चार अर्ज केले. दर वेळी उत्तर एकच: "हबशी ओझी वाहतात, लढत नाहीत." शेवटी वैतागून तो गाठोडं उचलून घरी निघाला.

वेशीवरच त्याला धरून आणलं. साहेब कडाडला, "न विचारता पलटण सोडलीस? शिपायाला याची शिक्षा ठाऊक आहे ना? फाशी!"

"द्या की! पण आधी शिपाई म्हणून नाव लिहा," याकूत म्हणाला. "हमालाला घरी जायला कुणाची परवानगी लागत नाही."

साहेबाने बाहेर पाहिलं. छावणीतले उरलेले चाळीस सिद्दी 'हमाल' बंदुका खाली ठेवून गाठोडी बांधत होते.