कोणाचं भुंकणं कुठवर

एकदा एका महानगराच्या कुत्र्यांत वाद पेटला, की कुठल्या भागाचा दरारा मोठा. टेकडीवरचा म्हातारा भुऱ्या पंच झाला. तो म्हणाला, "रविवारी सकाळी एकेकानं आपल्या भागातून भुंकायचं. ज्याच्या मागे जास्त भाग भुंकतील, तो मोठा!"

भुऱ्या कान लावून बसला. बंगल्यांच्या वसाहतीतला वाघ्या ऐटीत भुंकला, पण शेजारची गल्लीही हूं की चूं करेना. बाजारपेठेतल्या मोत्याला दोन-तीन भागांनी साथ दिली. खाटीक आळीतला लाल्या मात्र भुंकलाच नाही. तेवढ्यात तिथल्या मटणाच्या दुकानाचं शटर खडखडत वर गेलं आणि सगळं शहर तिकडे धावत सुटलं.

वाघ्या धापा टाकत पोचला. "पंच, निकाल काय?"

सगळ्यांच्या पुढे उभा असलेला भुऱ्या शेपूट हलवत म्हणाला, "निकाल लागला, बाबा. आता रांगेत उभा राहा."