भिवानं फडकं सोडलं नाही

एका गावात भिवा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

गावात खोकल्याची साथ आली आणि नेमकं त्याच महिन्यात भिवाचं लग्न ठरलं. नर्सबाई घरोघर सांगत आल्या, "माणसांत असताना नाकातोंडावर फडकं पाहिजेच. काढायचं नाही."

भिवानं फडकं बांधलं. दुपारी आईनं पिठलं-भाकरी वाढली. आई म्हणजे माणूसच, म्हणून त्यानं फडकं काढलं नाही. पिठलं फडक्यावर, फडक्यावरून सदऱ्यावर, आणि भिवा उपाशी.

"अरे माझ्या राजा," आई म्हणाली, "तोंडात घास असला की फडकं काढायचं!"

"असं होय," भिवा म्हणाला.

संध्याकाळी वाण्याच्या दुकानात होणारे सासरे भेटले, सोनबाअण्णा. फडक्याआड ते पान चघळत होते. भिवानं अदबीनं वाकून नमस्कार केला आणि त्यांचं फडकं ओढून काढलं. अण्णांना ठसका लागला. पान गेलं वाण्याच्या साखरेत.

"तोंडात घास होता," भिवा म्हणाला.

"गाढवा! दुसऱ्याच्या फडक्याला हात लावायचा नाही! पुन्हा असलं काही केलंस तर माझी कौसा तुझ्या घरी येणार नाही."

"असं होय."

कौसा कशी हसते ते भिवानं एकदाच ऐकलं होतं. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून त्यानं अण्णांचे शब्द पक्के धरले.

लग्नाच्या आदल्या दिवशी आईचं लुगडं दोरीवर वाळत होतं. शेळी आली आणि पदर खाऊ लागली. भिवा हाताची घडी घालून बघत बसला. लुगडं आईचं, म्हणजे दुसऱ्याचं. आई धावत आली तोवर काठ तेवढा उरला होता.

"अरे, कापड कुणी ओढायला लागलं की घट्ट धरायचं! काही झालं तरी सोडायचं नाही!"

"असं होय."

आईचा जीव टांगणीला लागला. त्यांच्याकडे मुलाच्या आईनं अक्षता बघायच्या नसत, ती घरीच थांबणार. तिनं पुन्हा पुन्हा बजावलं, "हार घातलास की हात धरायचा आणि थेट घरी आणायचं. इकडेतिकडे बघत बसू नकोस."

मांडव अण्णांच्या अंगणात. सगळ्यांच्या तोंडावर फडकी, भटजींच्याही. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या आणि भटजी अंतरपाट ओढू लागले.

कापड कुणीतरी ओढत होतं. भिवानं ते घट्ट धरलं.

"अहो नवरदेव, सोडा!"

"नाही सोडायचं."

पलीकडून अण्णा धावले. कौसाला बाजूला सारून तेही अंतरपाटाला झोंबले.

"अरे, हार घाल की!" मागून कुणी ओरडलं.

भिवानं एका हातानं कापड धरलं, दुसऱ्या हातानं वरून हार टाकला. पडला गळ्यात. मग कापडाखालून हात पकडला आणि इकडेतिकडे न बघता घरची वाट धरली.

दारात आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप. भिवाच्या मागे गळ्यात हार घातलेले लालबुंद अण्णा, त्यांच्यामागे अख्खा मांडव. आईला वाटलं, मोडलं लग्न!

"झालं एवढं पुरे!" अण्णा गरजले. "कौसे, चल घरी!"

पण कौसा पोट धरून हसत होती. "अण्णा, धरलेलं सोडत नाही असा नवरा मिळालाय मला. मी इथंच नांदणार."

अण्णांनी हाताला हिसका दिला, पण हात सुटेना. मग पडेल आवाजात म्हणाले, "बरं बाई. जावईबापू, आता माझा हात सोडा."

"काही झालं तरी सोडायचं नाही," भिवा म्हणाला आणि त्यानं माप पायानं पुढे सरकवलं. "लाजू नका. उजवा पाय आधी."